'क्लिनिकली प्रूव्हन' लिहिलेली बाटली घरात आली की आधी काय बघायचं

सांगलीच्या मावशीने मागच्या महिन्यात मला एका पत्रकाचे चार फोटो पाठवले. वर हिरवी पानं, कोपऱ्यात स्टेथोस्कोप, मधे ठळक अक्षरात 'मधुमेहावर क्लिनिकली प्रूव्हन' आणि खाली दोन खांबांचा चार्ट, उपाशीपोटीची शुगर २१२ वरून १३८. पाठोपाठ व्हॉइस मेसेज, "अगं तू तेच काम करतेस ना, बघून सांग बाई, अठराशेची बाटली आहे, घेऊन ठेवलीय. तुझे काका म्हणतायत थोतांड. त्यांना काय, सगळंच थोतांड वाटतं."

मी पुण्यात क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे औषध माणसांवर तपासून बघायच्या अभ्यासात, कोऑर्डिनेटर आहे. डॉक्टर नाही, वैद्यही नाही. पेशंटला व्हिजिटच्या तारखांची आठवण करून देणं, फॉर्म भरून घेणं, उरलेल्या गोळ्या मोजणं, कोणी आलं नाही की फोन करत बसणं, हे माझं काम. अॅलोपॅथीच्या ट्रायल केल्यात आणि आयुर्वेदाच्याही केल्यात, त्यामुळे कुठलं शास्त्र मोठं या भांडणात मला रस उरलेला नाही, चांगले कागद दोन्हीकडे असतात आणि भिकार कागदही दोन्हीकडे असतात. मावशीला तासभर फोनवर जे सांगितलं तेच इथे टाकतेय. मधुमेह, बीपी, संधिवात, दमा असं वर्षानुवर्षं चालणारं दुखणं ज्यांच्या घरात आहे त्यांना कामाला येईल.

आधी चार्टचे खांब मोजा. दोनच खांब असतील, 'आधी' आणि 'नंतर', तर मला त्यातून काहीच कळत नाही. अजून दोन खांब पाहिजेत, ज्यांना ते औषध दिलंच नाही त्यांचं आधी आणि नंतर. ते नसतील तर पुढचं न वाचता पत्रक रद्दीत टाकलं तरी चालेल.

कारण बघा, माणूस ट्रायलमध्ये येतो कधी? शुगर अडीचशेला टेकली आणि घरचे ओरडले की. गुडघा जिना चढू देईना झाला की. म्हणजे सगळ्यात वाईट दिवस चालू असताना. जुनाट दुखणं चढतं-उतरतं, त्यामुळे चढावर असताना आलेला माणूस काही न करताही थोडा खाली येणारच, त्यात आम्ही त्याला डाएटिशियनसमोर बसवतो, दर पंधरा दिवसांनी मी फोन करते "काका चालायला जाताय ना", आणि काका खरंच जायला लागतात, रात्रीचा भात कमी होतो, आधीपासून चालू असलेली गोळीही वेळेवर पोटात जायला लागते कारण आता विचारणारं कोणीतरी आहे. एक आजोबा मला अजून आठवतात, दर व्हिजिटला स्टाफसाठी पेढे आणायचे (मधुमेहाच्या ट्रायलमध्ये पेढे, हो), शुगर मस्त उतरलेली, "तुमच्या औषधाने जादू केली" म्हणायचे. ट्रायल संपून कोड उघडला, म्हणजे कोणाला काय दिलं होतं ती यादी बघितली, तेव्हा कळलं की आजोबा पूर्ण वेळ प्लासिबोवर होते, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीवर. शुगर मात्र खरीच उतरली होती, त्यात काही खोटं नव्हतं.

हे एका आजोबांचं झालं, आता मोठा आकडा घ्या. अमेरिकेत गुडघेदुखीवर ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन या सांध्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांची १५८३ लोकांवर ट्रायल झाली, २००६ मध्ये छापून आली. दुखणं किमान २० टक्क्यांनी कमी झालं तर 'फरक पडला' धरायचं असं ठरलेलं. नुसत्या प्लासिबोवाल्यांपैकी ६०.१ टक्के लोकांना फरक पडला! दोन्ही औषधं एकत्र घेतलेल्यांत ६६.६ टक्के, आणि एवढा फरक योगायोगानेही येऊ शकतो. आता समजा प्लासिबोचा खांब झाकला आणि जाहिरात केली, 'तीनपैकी दोन रुग्णांना आराम'. आकडा खोटा नाही, पण अर्थ पार बदलला.

मग दुसरा प्रश्न, तुलना केलीय तर कशाशी. हे मला स्वतःला कळायला वेळ लागला. जर्मनीत जुनाट कंबरदुखीवर अॅक्युपंक्चरची मोठी ट्रायल झाली, ११६२ लोक, २००७. तीन गट होते. एकाला नीट ठरलेल्या जागी सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला नेहमीचे उपचार म्हणजे गोळ्या, फिजिओ वगैरे. सहा महिन्यांनी फरक पडलेले लोक पहिल्यात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२, तिसऱ्यात २७.४. अॅक्युपंक्चरवाला म्हणणार नेहमीच्या उपचारांपेक्षा जवळजवळ दुप्पट गुण, आणि ते खरं आहे. टीका करणारा म्हणणार सुई कुठेही टोचा, काय फरक पडतो, आणि तेही त्याच टेबलवरून खरं आहे. म्हणून कोणी 'अभ्यासात सिद्ध झालं' म्हटलं की मी विचारते, कशाच्या तुलनेत?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "आयुर्वेदात प्रत्येकाची प्रकृती वेगळी, औषध वेगळं, त्याची ट्रायल होऊच शकत नाही". होऊ शकते, झालेली आहे. कोइमतूरमध्ये आमवाताच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) ४३ पेशंटवर केली, २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. वैद्यांनी प्रत्येकाला तपासून आपल्या पद्धतीने औषध ठरवलं, डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचं अॅलोपॅथीचं औषध ठरवलं, आणि प्रत्येक पेशंटला दोन्ही दिसतील असं काहीतरी दिलं, फक्त कोणाचं आयुर्वेदिक औषध दिखाऊ, कोणाचं मेथोट्रेक्सेट दिखाऊ आणि कोणाची दोन्ही खरी, हे ना पेशंटला माहीत ना तपासणाऱ्याला. काढ्याचा वास आणि चूर्णाची चव लपवायला काय खटपट लागते ते मी बघितलंय, त्यामुळे त्या लोकांबद्दल मला आदर आहे. तिन्ही गट जवळपास सारखे निघाले. पण ४३ लोक तीन गटांत म्हणजे एकेका गटात साधारण चौदा जण, इतक्या थोड्या लोकांत 'सारखेच आहेत' हे ठरत नाही, फरक असला तरी दिसणार नाही. त्यांनी स्वतः त्याला पायलट, म्हणजे छोटी चाचपणी, म्हटलंय. तुम्हीही तेवढंच म्हणा.

त्या मानाने गुडघ्याच्या झिजेवरची अनेक केंद्रांत झालेली ट्रायल बघा. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी, २०१३, ४४० पेशंट, २४ आठवडे, सुंठ, गुळवेल, आवळा, शल्लकी अशा वनस्पतींचे अर्क असलेल्या कॅप्सूल एका बाजूला आणि ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी दुसऱ्या बाजूला. किती फरकापर्यंत 'सारखं' म्हणायचं ते आधीच ठरवलेलं. आणि त्या हद्दीत आयुर्वेदिक कॅप्सूल बरोबरीच्या निघाल्या. वर त्यांनी हेही लिहून ठेवलंय की आयुर्वेदिक औषधावर काही पेशंटचं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरचं एन्झाइम, वाढलं आणि औषध बंद केल्यावर खाली आलं. आपल्याच औषधाबद्दलची अडचणीची गोष्ट कागदावर ठेवणाऱ्यांवर माझा जास्त विश्वास बसतो.

तिसरं, मोजलं काय? 'बरं वाटलं' आणि 'बरं झालं' यातला फरक दम्याच्या एका छोट्या अभ्यासात इतका स्वच्छ दिसतो की मी नवीन मुलींना ट्रेनिंगमध्ये तोच सांगते. २०११ चा, जेमतेम ३९ लोकांनी पूर्ण केलेला. प्रत्येकाला आलटून पालटून खरा इनहेलर, नकली इनहेलर, नकली अॅक्युपंक्चर आणि काहीच नाही. 'किती बरं वाटतंय' विचारलं तर खऱ्या इनहेलरला ५० टक्के, नकलीला ४५, नकली सुयांना ४६, म्हणजे तिन्ही सारखेच की! पण फुंकर मारायच्या मशीनवर खऱ्या इनहेलरने श्वास २० टक्क्यांनी सुधारला आणि बाकी तिघांत, काहीच न केलेल्यांतसुद्धा, साधारण ७ टक्के. दम्याच्या माणसाला बरं वाटतंय पण नळ्या बंदच आहेत ही स्थिती काय असते ते ज्यांच्या घरात रात्री दोनला रिक्षा शोधलीय त्यांना सांगायला नको.

दुखणं, झोप, थकवा यासाठी पेशंटचं सांगणं हेच माप, तिथे मशीन नाही, त्यामुळे तिथे 'बरं वाटलं' ला पूर्ण किंमत आहे. मधुमेहात मात्र उपाशीपोटीच्या एका आकड्यावर जाऊ नका, आदल्या रात्री काय जेवलात, झोप झाली का यावर तो हलतो. एचबीएवनसी बघा, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब येतो. आणि म्हणूनच सहा-आठ आठवड्यांच्या मधुमेहाच्या अभ्यासाचा मला उपयोग वाटत नाही, एचबीएवनसीला पूर्ण हलायला वेळच मिळालेला नसतो. हार्टचं बघायचं तर भारतातल्या २४ हॉस्पिटलांत ३९५९ लोकांवर हार्ट अॅटॅकनंतर योग अशी मोठी ट्रायल झाली, २०२० मध्ये आली. तब्येत कशी वाटते, आधीची कामं जमतात का, यात योगवाले पुढे होते. पुन्हा अॅटॅक, स्ट्रोक, मृत्यू हे कमी झाले असं मात्र ठामपणे दाखवता आलं नाही. म्हणजे योगा करावा, जरूर करावा, फक्त तो करतो म्हणून रक्त पातळ करायची गोळी सोडू नये.

आकड्यांबद्दल अजून एक, किती जण आले आणि किती जणांचा हिशोब दिला ते शोधा. साठ जण घेतले आणि टेबलात एक्केचाळीस दिसतायत, मग एकोणीस गेले कुठे? मला माहितीय कुठे गेले, कारण त्यांना फोन मीच करते. "गुण नाही आला ताई", "पोट बिघडलं", "मुलाने नको म्हटलं". गुण न आलेले निघून गेले आणि आलेल्यांचीच सरासरी काढली तर कुठलंही औषध चांगलंच दिसणार. आणि जे राहतात तेही औषध घेतातच असं नाही. आम्ही महिन्याच्या कॅप्सूल डबीत देतो, परत आणल्या की ट्रेमध्ये ओतून मोजतो. एका पेशंट मावशींच्या डबीत दर वेळी अगदी हिशोबात बसतील इतक्याच उरायच्या, मी खूश, पुढे त्यांच्या सुनेने हळूच सांगितलं की आमच्याकडे यायला निघायच्या सकाळी जास्तीच्या कॅप्सूल त्या तुळशीच्या कुंडीत पुरतात. तेव्हापासून अगदी व्यवस्थित आकडे आले की मला धाकधूक होते.

आता हे सगळं शोधायचं कुठे. सीटीआरआय म्हणून सरकारी नोंदवही आहे, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, जुलै २००७ पासून चालू, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेकडे आहे, कोणालाही फुकट बघता येते. १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंद करायची असा नियम आहे. साइट दिसायला जुनाट आहे पण घाबरू नका. सर्चमध्ये औषधाचं किंवा वनस्पतीचं नाव टाका, यादी येते, एखादी उघडा आणि तीन गोष्टी बघा, किती लोक घेणार होते, 'प्रायमरी आऊटकम' म्हणजे मुख्य काय मोजणार होते आणि किती महिन्यांनी, आणि नोंद आधी केलीय की काम सुरू झाल्यावर. मग हातातल्या पत्रकाशी जुळवा. बाण मारून झाल्यावर त्याभोवती गोल काढला की नेम चुकत नाही, तो गोल आधी काढलाय का एवढंच इथे कळतं. छापून आलेला अभ्यास शोधायचा तर पबमेड या वैद्यकीय अभ्यासांच्या फुकट साइटवर जा, तिथे नुसतं 'गुळवेल' टाकून फारसं हाती लागत नाही, लॅटिन नाव टाका (बाटलीवर बारीक अक्षरात असतं), डावीकडे 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल' (लोकांना चिठ्ठी काढल्यासारखं गटांत वाटून केलेली तुलना) वर टिक करा. सारांशातलं शेवटचं वाक्य शेवटीच वाचा, ते नेहमी गोडच असतं.

बऱ्याच जणांना वाटतं लायसन्स आहे म्हणजे ट्रायल झाली असणार. तसं नाही. आपल्याकडे कायद्याने मान्य केलेल्या जुन्या ग्रंथांतल्या कृतीप्रमाणे बनवलेल्या औषधाला ट्रायलशिवाय लायसन्स मिळतं, ग्रंथाचा आधार पुरतो. त्यात बेकायदा काही नाही, पण लायसन्स नंबर दाखवून 'सिद्ध' म्हणू नये एवढंच. आणि मधुमेह किंवा बीपी बरा करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे 'मुळापासून' हा शब्द दिसला की मी तिथेच थांबते.

जे अभ्यासात दिलं तेच तुमच्या हातात आहे का, हे तर कोणीच बघत नाही. हळदीचं उदाहरण घ्या. थायलंडमध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २४० लोकांवर नऊ महिने कर्क्युमिनची, म्हणजे हळदीतून काढलेल्या अर्काची, ट्रायल झाली, २०१२ मध्ये आली. प्लासिबोवाल्यांपैकी १६.४ टक्के लोकांना मधुमेह झाला, कर्क्युमिनवाल्यांत एकालाही नाही. निकाल जबरदस्त, इतका की असा अजून एक-दोन ठिकाणी आला तरच मी मानेन. पण दिलं काय होतं? रोज सहा कॅप्सूल, मिळून दीड ग्रॅम कर्क्युमिनॉइड, म्हणजे हळदीतले मुख्य पिवळे घटक. आपल्या डब्यातल्या हळदीत ते साधारण तीन टक्के असतं. म्हणजे दीड ग्रॅमसाठी रोज पन्नास ग्रॅम हळद. मावशीला म्हटलं एवढी हळद आपल्याकडे हळदी समारंभात लागते, दुधात नाही.

शेवटी त्रासाचा भाग, जो पत्रकात 'कोणतेही साइड इफेक्ट नाहीत' एवढ्यात उरकतात. इथे एक सोपी युक्ती आहे. चाळीस जणांत कोणालाच त्रास झाला नाही म्हणत असतील तर तीनला चाळीसने भागा, साडेसात टक्के. म्हणजे शंभरात सात जणांना त्रास देणारं औषधसुद्धा चाळीस जणांत नशिबाने निर्दोष दिसू शकतं. हजारात एकाला होणारा त्रास अशा अभ्यासात दिसायची शक्यता जवळपास नाहीच, तो दवाखान्यात दिसतो. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घराघरांत चालू होता, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पती गुळवेलच होती का हे तपासलं नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी असू शकते. पुढच्या वर्षी वेगवेगळ्या केंद्रांतले मिळून ४३ पेशंट छापले गेले. वाद चालू राहील, पण लिव्हर आधीच नाजूक असेल, थायरॉइड किंवा आमवातासारखा ऑटोइम्यून आजार (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो) असेल तर काढा चालू करायच्या आधी डॉक्टरांना विचारा, एसजीपीटी करून घ्या. आणि जड धातूंचं, बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, २००४ ची गोष्ट. भस्म असलेलं काही घेत असाल तर बॅच नंबर असलेलं, बिलासकट घ्या, पुडीतलं नको.

वनस्पती आहे म्हणजे सौम्यच असणार हा समज मुंबईतच मोडलाय खरं तर. केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचा बीपीवरचा अनुभव आकड्यांसकट मांडला आणि मग जगाने त्या मुळीकडे वळून बघितलं, पुढे त्यातून रेसरपिन हे बीपीचं औषध वेगळं काढलं, १९५७ मध्ये डॉ. वकील यांना लास्कर हा अमेरिकेतला मोठा वैद्यकीय पुरस्कार मिळाला. बीपी खरंच उतरायचं. आणि काही लोकांना खोल उदासीही यायची. खरा परिणाम करणाऱ्या औषधाला दुसरी बाजूही असते, तीही मोजायची असते.

तर मावशीची बाटली. फॉर्म्युल्याचं नाव सीटीआरआयवर टाकलं तर नोंद सापडली! १२० लोक घेणार होते, सहा महिन्यांनी एचबीएवनसी मोजणार होते. पत्रकात ३८ लोक, आठ आठवडे, उपाशीपोटीची शुगर. उरलेल्या ब्याऐंशी जणांचं आणि एचबीएवनसीचं काय झालं ते कुठेच नाही, कंपनीच्या नंबरवर फोन केला तर "मॅडम, पाचशे रुपये ऑफ आहे".

मावशीला म्हटलं, घ्यायचंच असेल तर मेटफॉर्मिन, म्हणजे तुझी नेहमीची शुगरची गोळी, एक दिवसही बंद करायची नाही, बाटली पिशवीत घालून तुझ्या डॉक्टरांना दाखव, लपवू नकोस, कारण दोन्ही मिळून शुगर फार खाली गेली आणि चक्कर आली तर त्यांना कारण कळायला हवं. ती गेली, डॉक्टर ओरडतील असं तिला वाटत होतं, त्यांनी शांतपणे नाव फाइलमध्ये लिहिलं, आज एकदा आणि महिन्याने परत एसजीपीटी आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करा म्हणाले. बाटली ती संपवणार आहे, अठराशे दिलेत म्हणे. तीन महिन्यांनंतरच्या एचबीएवनसीची तारीख तिने कालनिर्णयवर लाल पेनाने गोल करून ठेवलीय, आणि काकांनी त्याच चौकोनात पेन्सिलने बारीक अक्षरात 'थोतांड' लिहिलंय.